लिहिता-वाचता न येणाऱ्या अनुभवी कामगारांसाठी साक्षरता आधी की कौशल्य प्रशिक्षण?

भोसरीकर

नमस्कार. मी भोसरी औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात मनुष्यबळ विभागाचे काम पाहतो. आमच्याकडे वाहनांच्या सुट्या भागांची तपासणी आणि पॅकिंग करणाऱ्या बऱ्याच महिला चाळिशी ओलांडलेल्या आहेत. सोलापूर, लातूर, धाराशिव या भागांतून कोणी लग्नानंतर, तर कोणी दुष्काळामुळे इकडे आल्या. भागावरचा बारीक ओरखडा किंवा कडेला राहिलेली बर (धातूची बारीक, टोचणारी धार) नुसत्या बोटाने ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही.

आजवर सुपरवायझर तोंडी सांगत असत आणि काम होत असे. आता प्रत्येक ट्रॉलीला बारकोडचे लेबल असते, किती माल कशामुळे रिजेक्ट झाला हे टॅबवर भरावे लागते, आणि रजेचा अर्ज व पगारपत्रकही मोबाइलवर गेले आहे. यांतील काही जणींना केवळ सही करता येते. प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेकडे चौकशी केली, तेव्हा आठवी उत्तीर्ण ही अट सांगण्यात आली. साक्षरता वर्गाचा विषय काढला, तर आता या वयात पाटी कुठे धरायची, असे त्या म्हणतात. मालक आठवड्यातून काही तास द्यायला तयार आहेत. आधी साक्षरता आणि मग टॅब, असा क्रम ठेवावा का?

सांजवर्ग

क्रम ठेवूच नका, असे मी आग्रहाने सांगेन. पिंपरी परिसरात प्रौढ महिलांचे वर्ग घेताना मला दिसत आले आहे की बाराखडीपासून सुरुवात केली की पहिल्या काही आठवड्यांतच गळती लागते, कारण शिकलेल्या अक्षराचा दुसऱ्या दिवशी कामावर काहीच उपयोग होत नाही. त्याऐवजी लेबल, तपासणीचा तक्ता आणि पगारपत्रक हीच पहिली पुस्तके करा. स्वतःचे नाव, भागाचे नाव, ‘ओके’, ‘रिजेक्ट’, ‘रिवर्क’, ‘लॉट नंबर’ हे शब्द आधी अख्खे ओळखू द्या आणि मग त्यांतली अक्षरे सुटी करा. ‘रिजेक्ट’मधला ‘र’ ज्या बाईला सापडतो, तिला तो पगारपत्रकातल्या ‘रजा’मध्येही सापडतो.

एक अडचण आधीच लक्षात घ्या. तुमची लेबले बहुधा रोमन लिपीत असतील. नोटा आणि मोबाइल यांच्यामुळे इंग्रजी आकडे पुष्कळ जणींच्या ओळखीचे असतात, पण अक्षरे नसतात. म्हणून टॅबवरची भाषा मराठी करून घेणे हे मालकांचे काम आहे, आणि ते प्रशिक्षणापूर्वी व्हायला हवे.

वर्ग पाळीच्या आत आणि पगारी वेळेतच घ्या. पाळी सुटल्यावर पाणी भरणे, स्वयंपाक आणि मुलांचे सगळे समोर असताना बाई वर्गाला थांबत नाही, आणि मग तिला शिकण्याची आवड नाही असा शेरा मारला जातो. मला तो अन्यायकारक वाटतो.

जोडीला नवभारत साक्षरता कार्यक्रमाचा उपयोग करून घ्या. 2022 ते 2027 या काळासाठी आखलेला हा केंद्राचा कार्यक्रम ‘उल्लास’ या नावाने ओळखला जातो आणि 15 वर्षांपुढील निरक्षरांसाठी आहे. स्वयंसेवक शिकवतात आणि नोंदणी जवळच्या शाळेमार्फत होते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची प्रत्येकी 50 अशी 150 गुणांची चाचणी असते. व्यावसायिक कौशल्ये हाही त्याचा एक घोषित घटक आहे, परंतु वर्गाला प्रत्यक्ष कामाशी जोडण्याची जबाबदारी तुम्हालाच घ्यावी लागेल.

माजी रात्रशाळा शिक्षक

वरील मताशी मी सहमत आहे. फक्त प्रमाणपत्राचा प्रश्न वेगळा धरा, कारण साक्षरतेचे प्रमाणपत्र आठवीच्या जागी चालत नाही. ज्यांना पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी राज्याच्या मुक्त विद्यालयाची पाचवी आणि आठवीची परीक्षा आहे, आणि त्यानंतर 17 नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांचा, फॉर्म भरून दहावीला बसता येते. आयटीआयमध्ये वेल्डरसारख्या काही ट्रेडना आठवी उत्तीर्ण चालते.

अनुभवाची नोंद मात्र आजच सुरू करा. 1982 च्या संपानंतर मुंबईतील गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा आयुष्यभर साचा, म्हणजे कापडाचा माग, चालवलेल्या माणसाजवळ आपल्याला काय येते हे सांगणारा एकही कागद नव्हता, आणि कितीतरी कुशल कामगार पहारेकऱ्याच्या नोकरीवर किंवा फेरीच्या धंद्यावर आले. आज पूर्वानुभवाला मान्यता देणारे मूल्यमापन प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत आहे. तेथे चौकशी करताना लेखी भाग तोंडी घेता येईल का, हे आधी विचारा. नियम बदलू शकतात, हेही ध्यानात असू द्या. व्यावसायिक वाहनचालकांसाठी असलेली आठवीची अट केंद्राने 2019 मध्ये काढून टाकली, कारण उत्तम गाडी चालवणारी पण न शिकलेली माणसे तिच्यामुळे बाहेर राहत होती. तपासणीच्या कामाला आठवी खरोखर लागते का, हे त्या संस्थेला लेखी विचारायला हरकत नाही.

भोसरीकर

आपणा दोघांचे मनापासून आभार. टॅबची भाषा बदलण्याविषयी उद्याच बोलतो. वर्गासाठी नावे निवडताना कोणाला वाचता येत नाही याची यादी करावी लागेल. ती कशी करावी?

पाळी क्रमांक दोन

कृपया अशी यादी करू नका. मी सुपरवायझर आहे आणि माझी आईही अशाच कामावर होती, म्हणून हे कळकळीने लिहीत आहे. तुमच्याकडील काही महिला कंत्राटी असणारच. यादीत नाव आले म्हणजे पुढच्या कंत्राटात आपण नाही, असाच अर्थ त्या काढतील, आणि ज्यांना गरज आहे त्याच चष्मा घरी राहिला असे सांगून बाजूला होतील. वर्ग संपूर्ण विभागासाठी ठेवा, त्याला टॅबचे प्रशिक्षणच म्हणा, आणि ज्यांना वाचता येते त्यांना शेजारणीला शिकवायला बसवा. कोणाला किती येते हे शिकवणाऱ्यापाशीच राहू द्या, कार्यालयात त्याची नोंद नको. कंत्राटदार बदलला तरी त्याच महिला कामावर राहतील आणि वर्गाचे तास पगारी धरले जातील, हे मालकांकडून नव्या करारात लिहून घ्या.