बेळगावातलं जुनं बेळगाव : तुमचे अनुभव लिहा

पाहुणे आले की आपण त्यांना कुंदा खायला घालतो, खडेबाजारात फिरवतो आणि दुसऱ्या दिवशी आंबोली नाहीतर गोवा. शहरातच केवढं बघण्यासारखं आहे ते आपल्याच माणसांनी सांगावं म्हणून हा धागा. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठलेही असा, वर आपलं ठिकाण टाकून मोकळेपणानं लिहा.

टिळकवाडी
बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, बघाच. १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली, आत नेमिनाथांची मूर्ती. मंडपात उभं राहून मान वर करा, छतातून दगडी कमळ खाली लोंबतंय, पाकळ्यांचे थरावर थर, आणि खांब इतके गुळगुळीत की हात लावल्याशिवाय राहवत नाही. त्याच तटाच्या आत साफा मशीद आहे आणि रामकृष्ण आश्रमपण, स्वामी विवेकानंद १८९२ ला बेळगावात येऊन राहिले होते की. एका सकाळी सगळं आरामात होतं.

खानापूर
आमच्याकडं शिवजयंती म्हणजे वैशाख शुद्ध द्वितीया आणि मग बेळगावची चित्ररथ मिरवणूक! गावातनं टेम्पो भरून जातो आम्ही, रात्रभर रस्त्याच्या कडेला बसून बघायचं, ट्रॉलीवर अख्खा प्रसंग उभा केलेला असतो, गल्लीतलीच पोरं मावळे होतात, डायलॉग पाठ करून महिनाभर तालीम करतात, आणि आपली ट्रॉली पुढं आली की त्या गल्लीतली माणसं जो काय आवाज काढतात, अंगावर काटा येतो.

शहापूर
मी मांड्यांबद्दल लिहिते. लग्नाच्या ऑर्डरचे मांडे होताना एकदा समोर बसून बघा. पुरणपोळीसारखं लाटून संपत नाही ते, पिठीसाखर-तूप-वेलदोडा भरलेली पोळी लाटून झाली की दोन्ही हातांवर घेऊन, फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवायची, पार पातळ झाली की उलट्या तापलेल्या खापरावर टाकायची आणि कडक व्हायच्या आत घडी घालायची. एक क्षण उशीर झाला की मोडला मांडा. हे करणाऱ्या बायका कमी होत चालल्यात, नवीन मुली शिकायला येत नाहीत, याचं फार वाईट वाटतं. ज्यांच्या घरी कुणी करतं त्यांनी निदान व्हिडिओ तरी करून ठेवा.

निपाणी
बेळगावातली काँग्रेस विहीर. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. पोरांना शेजारच्या वीरसौध या स्मारकालाही न्या, पुस्तकातला धडा त्यांना आपल्या गावचा वाटायला लागतो.

अनगोळ
नवरात्रात पहाटेची दुर्गामाता दौड राहिली की! पांढरे कपडे, फेटे, दारोदारी रांगोळ्या, आरतीची ताटं घेऊन उभ्या असलेल्या बायका. रोज वेगळा भाग असतो, मार्ग आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि उजाडायच्या आत पोचा.