अरबीतला ‘हिर्बज’ म्हणजे आपला एरवदच का?

वणा_काठचा (हिंगणघाट तालुका)
राम राम मंडळी. आमचे आजोबा जिनिंगात रुई जोखत. मालक पारशी. त्यांच्याकडे येणाऱ्या धर्मगुरूंना आजोबा ‘एरवद साहेब’ म्हणत. सध्या रात्रीची लाइन आहे, कपाशीचं ओलित चालू असताना बांधावर बसून सासानी घराण्याच्या (इस्लामच्या आधीच्या) इराणचा इतिहास वाचतो. अरबी लेखक तिथल्या धर्मगुरूंना ‘मूबज’, ‘हिर्बज’ म्हणतात. कुराणात त्या धर्माच्या लोकांना ‘मजूस’ म्हटलंय. हे तिन्ही शब्द फारसीतलेच का? अन् ‘द’चा ‘ज’ कसा झाला?

कारंज्याचे_गुरुजी
भाऊ, प्रश्न लाखमोलाचा. मी उर्दू शाळेत शिकवलं, म्हणून तिथूनच सांगतो. आपण ‘उस्ताद’ म्हणतो, अरबीत तोच शब्द ‘उस्ताज’. अरबांनी हे शब्द घेतले तेव्हा फारसीत स्वरानंतरचा ‘द’ मऊ उच्चारला जाई, जिभेचं टोक दातांत धरून. त्याला अरबीत ‘जाल’ हे अक्षर आयतंच होतं. आपण ते ‘ज’सारखं वाचतो, एवढंच.

मूबज म्हणजे मोबेद, मुळात ‘मगुपति’: मगांचा, म्हणजे जुन्या इराणी पुरोहितांचा, प्रमुख. यातला ‘पति’ आपलाच. ‘मजूस’सुद्धा त्याच ‘मगु’चा, पण तो फार आधी सिरियाक भाषेच्या वाटेनं आला, अरबीत ‘ग’ नाही म्हणून ‘ज’ झाला. कुराणात तो एकदाच येतो, सूरा हज्जमध्ये (२२:१७). एकच मूळ दोन वाटांनी दोनदा आलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

हिर्बज म्हणजे हेरबद, अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातला ‘एथ्रपइति’, शिकवणारा. त्याचाच पारशांत एरवद झाला. नावर हा धर्मगुरू होण्याचा पहिला विधी झालेल्याला ही पदवी लागते. आजोबा बरोबरच म्हणत होते.

वणा_काठचा
गुरुजी, लय उपकार जी. पण पुस्तकात ‘हराबिजा’ही दिसतं, ते काय?

कारंज्याचे_गुरुजी
अनेकवचन. मूबज–मवाबिजा, हिर्बज–हराबिजा. उस्तादचं असातिजा होतं, तसंच. आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीच्या दारावर ‘असातिजा’ हेच लिहिलेलं होतं. परका शब्द अरबीनं आपल्या साच्यात बसवला की तो घरचाच होतो. सीमेवरचा इराणी सुभेदार ‘मर्जुबान’, त्याचेही ‘मराजिबा’ केले.

यवतमाळची_लेक
दोघांच्या कामातला भेद अरबांनाही ठाऊक होता, दादा. दहाव्या शतकातल्या ख्वारिज्मीच्या ‘मफातीह अल्-उलूम’ या ग्रंथात मूबज म्हणजे मजुसांचा काजी अन् हिर्बज म्हणजे अग्नीचा सेवक असं दिलंय. बीजगणितवाला ख्वारिज्मी वेगळा, त्याच्याशी गल्लत करू नका.