कार्ड काढायला म्हणे पाच मिनिटं लागतात!

शेवंती (धागाकर्ती)
काल शेजारच्या धाग्यावर एका सद्गृहस्थांनी पिंक टाकली: “अमेरिकेतलं मेडिकल मारवाना कार्ड म्हणजे शुद्ध धूळफेक. व्हिडिओ कॉलवर पाठ दुखते म्हणा, पाच मिनिटांत गांजाचा परवाना हातात.” तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

आम्ही पेनसिल्व्हेनियात. आईची केमो चालू होती. मळमळीवर तीन प्रकारच्या गोळ्या झाल्या, तरी पाण्याचा घोट पोटात टिकेना. ऑन्कॉलॉजिस्टनेच हा मार्ग सुचवला. पण पेशंटचं दुखणं राज्याच्या यादीतलं आहे असं सर्टिफिकेट तो देऊ शकत नव्हता. त्यासाठी डॉक्टरची राज्याकडे वेगळी नोंदणी लागते, चार तासांचं प्रशिक्षण लागतं. म्हणजे दुसरा डॉक्टर शोधा. त्याआधी आरोग्य खात्याच्या साइटवर पेशंटचं नाव घाला, त्याला इथलंच लायसन्स किंवा आयडी हवा. आईने जन्मात गाडी चालवलेली नाही. दोन केमोंच्या मधे तिला डोक्याला स्कार्फ बांधून आयडीच्या रांगेत उभं केलं. डॉक्टरची फी खिशातून, इन्शुरन्स हात वर करतो. वर कार्डाचे ५० डॉलर. दुकानात जायचं त्राण तिच्यात नाही, म्हणून तिच्या वतीने आणणारी केअरगिव्हर मी: माझ्या बोटांचे ठसे, माझ्यावर काही गुन्हा आहे का याची तपासणी.

जिभेखाली टिंक्चरचे, म्हणजे गांजाच्या अर्काचे, थेंब घेताना आई म्हणाली, “बैरागी ओढतात तेच ना गं हे?” चौथ्या दिवशी तिने आपणहून मेतकूट-भात मागितला. चार घास गेले. त्या चार घासांना कुणी धूळफेक म्हटलं की माझं डोकं फिरतं.

ओसरीवरचा
सद्गृहस्थ मीच. आईंबद्दल वाचून वाईट वाटलं, पण मी न्यू जर्सीबद्दल बोलत होतो. इथे एप्रिल २०२२ पासून २१ वर्षांवरच्या कुणालाही दुकानात विकत मिळतं. तरी माझ्या भाच्याने कार्ड काढलं. का? तर कार्डवाल्याला सेल्स टॅक्स नाही. दुखणं काय लिहिलं, तर अँग्झायटी. साहेब वीकेंडला ट्रेकिंगला जातात. पाच मिनिटं मी घड्याळ लावून मोजली आहेत, बाजूलाच बसलो होतो.

शेवंती
मग भाच्याचा कान धरा ना, दुखण्यांच्या आख्ख्या यादीला का झोडपताय? आणि अँग्झायटी असलेला माणूस ट्रेकिंगला जात नाही, हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?

पांढरा कोट
मी इमर्जन्सीत काम करतो, दोघांनाही आवडणार नाही असं लिहितो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञानसंस्थेने सगळा पुरावा चाळला. केमोची मळमळ, मोठ्यांचं जुनाट दुखणं, मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा: इथे आधार भक्कम. अँग्झायटीला तसा नाही. तरी पेनसिल्व्हेनियाने २०१९ मध्ये ती यादीत घातलीच. यादी सरकार करते, प्रयोगशाळा नाही. आणि माझ्याकडे रात्री पोरं येतात ती उलट्या करत. वर्षानुवर्षं रोज ओढून ओढून झालेल्या उलट्या, गरम पाण्याच्या शॉवरखाली उभं राहिल्यावरच थांबणाऱ्या. उलटीवरचं औषध म्हणे! आजींना रक्त पातळ करायची वॉरफरिन वगैरे चालू असेल, तर डॉक्टरला आधी सांगा.

क्युबिकल नं. ९
माझा साधा प्रश्न. एच-वन-बी व्हिसावर नोकरी करतो आहे, मणक्याचा एमआरआय आहे, फिजिओ करून झालं. कार्ड मिळेल का?

रांगेतला
मिळेल. काढू नकोस. राज्याने कार्ड दिलं म्हणून फेडरल, म्हणजे केंद्राचा, कायदा ते ओळखत नाही. इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये लिहूनच टाकलंय की गांजा घेणं राज्यात कायदेशीर असलं तरी नागरिकत्वाच्या अर्जात ते चारित्र्याच्या आड येऊ शकतं. शिक्षा व्हायची गरज नाही, तोंडाने दिलेली कबुलीसुद्धा अंगाशी येते. १२ वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहे मी. पोरगी इथे तिसरीतून कॉलेजात गेली. या रांगेत उभं राहून साधं पार्किंगचं तिकीट आलं तरी माझी झोप उडते, आणि लोक पाठदुखीसाठी सरकारी यादीत नाव घालायला निघालेत!

क्युबिकल नं. ९
म्हणजे पाठ मोडली तरी चालेल, रांग मोडता कामा नये.

रांगेतला
हो. तसंच. टोमणा मारायचा असेल तर मार, पण आधी वकिलाला विचार.

ओसरीवरचा
ही रांग काय फक्त तुमचीच आहे का? आम्हीही काढली. सिटिझन झालेल्यांनी दुखणी मिरवायची आणि व्हिसावाल्यांनी आयबुप्रोफेन गिळायची, असा हा न्याय.

नळस्टॉप
अवांतर: एवढा गहजब कशाला? आपल्याकडे होळीला भांग चालतेच की. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात नुसतं पान आणि बी गांजाच्या व्याख्येत येत नाही. आयुर्वेदात तर ती विजया नावाने आहेच.

पांढरा कोट
पान वेगळं, फुलोरा वेगळा. गांजा फुलोऱ्याचा. इथलं टिंक्चर घेऊन मुंबईला उतरून बघा, कस्टम्सच्या ग्रीन चॅनेलवर कळेल व्याख्या.

नळस्टॉप
तुम्ही एनआरआय लोक फार लवकर चिडता.

शेवंती
आणि तुम्ही नळस्टॉपवर बसून माझ्या आईच्या केमोत भांग घोटता! जरा धाग्याचा विषय वाचा. डॉक्टर, वॉरफरिन नाही, पण विचारलंत म्हणून आभार. अँग्झायटीबद्दल तुमचं पटलं नाही. उलट्यांचं मला माहीत नव्हतं, कबूल.

ओसरीवरचा
बरं, पेनसिल्व्हेनियात पाच मिनिटं लागत नाहीत, मान्य. सहा लागत असतील. (हलके घ्या.) भाच्याला धागा पाठवलाय, त्याने मला ब्लॉक केलं.

क्युबिकल नं. ९
शेवंतीताई, कार्ड वर्षभरच चालतं ना? रिन्यू करताना डॉक्टर परत पैसे घेतो?

शेवंती
घेतो. पुढच्या महिन्यात आईचं आहे. ती म्हणते, या वेळी फोटोत स्कार्फ नको, केस आलेत.