एसक्यूएल डॉट जेएस: नोंदी उडतात, फॉरेन की कधी चालते कधी नाही, बेरीज कमी येते

हर्णैची_पोर

काकांच्या बोटीचा हिशोब ठेवायला एक छोटं वेब ॲप केलंय. ट्रिपला डिझेल किती, बर्फ किती, रेशन किती, लिलावात कुठली मासळी कितीला गेली, कोणत्या खलाशाने किती उचल घेतली, आणि शेवटी खर्च वजा जाऊन वाटे. आतापर्यंत हे सगळं वहीत असायचं आणि वही बोटीवर गेली की भिजून यायची. संध्याकाळी लिलावाच्या वेळी किनाऱ्यावर नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून सर्व्हर नकोच, सगळं फोनच्या ब्राउझरमध्ये हवं. रिॲक्ट वापरलंय, डेटाबेस म्हणून एसक्यूएल डॉट जेएस, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणारं एसक्यूलाइट. कॉलेजात एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) झालंय, जॉइन आणि ग्रुप बाय हातचं आहे, त्यामुळे इंडेक्स्डडीबी या ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यातल्या कर्सरशी झटापट नको वाटली.

आता अडलंय ते असं. काका मध्येच व्हॉट्सॲप बघायला जातात. परत आले की ॲप नव्याने लोड झालेलं असतं आणि शेवटचं ‘जतन करा’ दाबल्यानंतरच्या नोंदी गायब. जतन करताना मी एक्सपोर्ट() ने अख्खा डेटाबेस बाहेर काढून आलेले बाइट बेस६४ मध्ये, म्हणजे मजकुरात, बदलते आणि लोकलस्टोरेज या ब्राउझरच्या छोट्या कप्प्यात टाकते. आता तेही भरलं म्हणून एरर येते. पावत्यांचे फोटो टेबलातच ब्लॉब (कच्चे बाइट) म्हणून ठेवलेत, हेही सांगून ठेवते.

दुसरं, सुरुवातीलाच ‘प्राग्मा फॉरेन_कीज ऑन’ केलंय, म्हणजे एका टेबलातली नोंद दुसऱ्यातल्या खऱ्या नोंदीलाच जोडलीय ना हे डेटाबेसने तपासावं. नसलेल्या ट्रिपच्या नावावर खर्च टाकला तर अडवतं. थोड्या वेळाने तीच नोंद बिनबोभाट आत जाते. रीलोड केलं की पुन्हा अडवतं! मधूनच ‘स्टेटमेंट क्लोज्ड’ अशी एरर येते, आणि ते स्टेटमेंट (आधी तयार करून ठेवलेली क्वेरी) मी कुठेही बंद केलेलं नाही.

तिसरं तर कळतच नाही. काही ट्रिपची बेरीज कमी येते. रक्कम इंटिजर कॉलममध्ये आहे. स्क्रीनवर सगळ्या नोंदी बरोबर दिसतात, सम() मात्र कमी. मी भरलेल्या ट्रिप बरोबर, काकांनी भरलेल्या चुकतात. काका म्हणतात वहीच बरी होती.

एका जुन्या व्हिडिओत ओपनडेटाबेस() वापरलंय, ते माझ्या क्रोममध्ये सापडत नाही. पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते. १ ऑगस्टला बोट बाहेर पडायच्या आत हे मार्गी लावायचंय.

वाडीवाला

एवढ्याशा हिशोबाला एसक्यूएल कशाला? एक जेसन ॲरे कर, इंडेक्स्डडीबीत टाक, फिल्टर आणि रिड्यूस मारून बेरीज काढ. वेबअसेंब्लीची, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या तयार कोडची, फाइल वर लोड करायची, ती कॅश करायची, एवढा व्याप बोटीच्या हिशोबाला?

खालूबाजा

बेरजेपासून सुरू करतो, कारण तीच खरी धोक्याची आहे. डेटा उडाला तर कळतं तरी. चुकीची बेरीज गुपचूप बसून राहते आणि वाट्याच्या दिवशी भांडण लावते.

तुझ्या नोंदी बरोबर आणि काकांच्या चूक, यातच उत्तर आलं. काका मराठी कीबोर्डवर टाइप करतात ना? त्यावर आकडे देवनागरी येतात. एसक्यूलाइटमध्ये साध्या टेबलात कॉलमचा प्रकार ही सक्ती नसते. इंटिजर कॉलममध्ये मजकूर आला तर तो आकड्यासारखा दिसतोय का हे बघतं, दिसला तर आकडा करून ठेवतं, नाहीतर मजकूर तसाच ठेवून देतं. आणि ‘आकड्यासारखा’ म्हणजे त्याच्या लेखी फक्त इंग्रजी अंक. काकांनी टाकलेलं ‘४५००’ हे मजकूर म्हणून बसलंय. सम() त्याला शून्य धरतं. एररही देत नाही. स्क्रीनवर तुला ४५०० दिसतात, कारण मजकूर म्हणून ते आहेतच.

खात्री करायची तर त्या कॉलमवर टाइपऑफ() लाव आणि ‘टेक्स्ट’ कुठे येतंय ते बघ. किंवा रकमेवर उतरता क्रम लाव: एसक्यूलाइटच्या क्रमवारीत मजकूर नेहमी आकड्यांपेक्षा मोठा, त्यामुळे काकांच्या पाचशेच्या नोंदी तुझ्या पन्नास हजारांच्या वर जाऊन बसतील.

उपाय दोन ठिकाणी कर. फॉर्ममधून रक्कम घेतानाच देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक कर. युनिकोडमध्ये ‘०’ ते ‘९’ सलग आहेत, एका ओळीत बदलता येतात. जावास्क्रिप्टचं नंबर() आपले अंक ओळखत नाही, एनएएन (‘हा आकडा नाही’) देतं, म्हणून बदल त्याच्या आधी. आणि टेबल ‘स्ट्रिक्ट’ म्हणून नव्याने बनव. ही सोय एसक्यूलाइट ३.३७ पासून, म्हणजे २०२१ पासून आहे. मग इंटिजर कॉलममध्ये मजकूर घुसायला गेला की तिथल्या तिथे एरर. तुझ्या लायब्ररीत आत कुठली आवृत्ती आहे ते एसक्यूलाइट_व्हर्जन() विचारून बघ.

काकांना इंग्रजी कीबोर्ड वापरायला सांगू नकोस. त्यांना मराठीत आकडे लिहायचे असतील तर ॲपने समजून घ्यायला हवं.

आता फॉरेन की. एक्सपोर्ट() हे नाव वाचून वाटतं की बिचारं नुसती प्रत काढतं. आत काय होतं? आधी तयार केलेली सगळी स्टेटमेंट सोडून दिली जातात, डेटाबेस चक्क बंद होतो, फाइलचे बाइट वाचले जातात, आणि डेटाबेस पुन्हा उघडतो. फॉरेन की तपासणं ही त्या-त्या जोडणीची सेटिंग आहे, फाइलमध्ये साठत नाही, आणि मुळात बंद असते. म्हणजे तू ‘जतन करा’ दाबलंस की तपासणी गेली. ‘स्टेटमेंट क्लोज्ड’ पण त्यातूनच: तू धरून ठेवलेलं स्टेटमेंट एक्सपोर्टने सोडून दिलं. क्रिएट_फंक्शन() ने स्वतःचं फंक्शन जोडलं असशील तर तेही जातं. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के होणारे बदल) अर्धवट असताना एक्सपोर्ट केलंस तर ते रद्द होईल, तेवढं कटाक्षाने टाळ. सोपा मार्ग असा: प्राग्मा, फंक्शनं, स्टेटमेंट तयार करणं, हे सगळं एका फंक्शनमध्ये घाल आणि सुरुवातीला आणि प्रत्येक एक्सपोर्टनंतर ते चालव.

नोंदी उडण्याचं कारण सरळ आहे. एसक्यूएल डॉट जेएस म्हणजे एसक्यूलाइटचा सी कोड एमस्क्रिप्टन या साधनाने वेबअसेंब्लीत आणलेला, आणि त्याचा डेटाबेस मेमरीत राहतो. हा पाटीवर खडूने लिहिलेला हिशोब, वहीत उतरवणं तुझं काम. फोनला मेमरी कमी पडली की मागे गेलेला टॅब ब्राउझर टाकून देतो, विचारत बसत नाही.

लोकलस्टोरेज सोड. ते साधारण ५ एमबीचं, फक्त मजकूर घेणारं, आणि बेस६४ केलं की आकार एक तृतीयांशाने वाढतो. इंडेक्स्डडीबीत एक्सपोर्टचे बाइट जसेच्या तसे ठेवता येतात, तुला कर्सर वगैरे काही लागणार नाही, एक किल्ली, एक किंमत. फोटो डेटाबेसच्या बाहेर काढ, इंडेक्स्डडीबीतच वेगळ्या कप्प्यात ठेव, टेबलात फक्त त्यांचा क्रमांक. कारण प्रत्येक जतन म्हणजे अख्ख्या फाइलची प्रत. पावत्यांचे फोटो दर वेळी कशाला उचलून ठेवायचे? नुसत्या नोंदींची फाइल वर्षभर हलकीच राहील.

आणि ‘जतन करा’ हे बटणच काढून टाक. लिलावात उभा असलेला माणूस एका हाताने फोन धरतो, तो बटण लक्षात ठेवणार नाही. प्रत्येक नोंद कमिट (पक्की) झाली की क्षणभर थांबून आपोआप जतन. शिवाय पान लपलं की येणाऱ्या व्हिजिबिलिटीचेंज इव्हेंटवरही एकदा. बिफोरअनलोडवर फोनमध्ये विसंबू नको, तो बऱ्याचदा येतच नाही. नॅव्हिगेटरच्या स्टोरेजमधलं पर्सिस्ट() मागून ठेव, म्हणजे जागा कमी पडली म्हणून ब्राउझर परस्पर साफसफाई करायची शक्यता घटते.

ओपनडेटाबेस() म्हणजे वेबएसक्यूएल, ब्राउझरमधल्या एसक्यूएल डेटाबेसचं जुनं मानक. ते विसर. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने त्या मानकावरचं काम २०१० मध्येच थांबवलं, कारण ज्यांनी ते केलं त्या सगळ्यांनी आत एसक्यूलाइटच घातलं होतं, स्वतंत्र दुसरी अंमलबजावणीच नव्हती. क्रोमने ते ११९व्या आवृत्तीत, २०२३ मध्ये, काढून टाकलं.

वाडीवाला, तुमचं म्हणणं एका टेबलाला ठीक आहे. इथे ट्रिप, खर्च, विक्री, उचल, खलाशी अशी पाच टेबलं आहेत आणि ‘या खलाशाची या मोसमातली उचल वजा जाऊन त्याचा वाटा किती’ हा प्रश्न दर पंधरा दिवसांनी बदलून येणार. एसक्यूएलमध्ये ती एक क्वेरी. शिवाय एक्सपोर्टमधून निघते ती खरी एसक्यूलाइटची फाइल. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली की लॅपटॉपवर कुठल्याही एसक्यूलाइटच्या साधनात उघडते. बोटीच्या हिशोबाची दुसरी प्रत घरी असणं याला माझ्या लेखी फार किंमत आहे.

कुडाळकर

बाकी सगळा बरोबर असा, पण येक गोष्ट रवली. नावं कशी टाकतेस? वाक्यात चिकटवून की प्रश्नचिन्ह देऊन? आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या एका व्यापाऱ्याचं नाव ‘डि'सोझा’ असं मधल्या चिन्हासकट टाकलं की क्वेरी तिथेच फुटायची. त्या चिन्हाने एसक्यूएलचा मजकूर संपतो. गंमत म्हणजे एका फोनवर चालायचं आणि दुसऱ्यावर नाही, कारण एका कीबोर्डवर सरळ चिन्ह आणि दुसऱ्यावर वळणदार. बाइंड करून, म्हणजे वाक्यात प्रश्नचिन्ह ठेवून किंमत वेगळी दिली की दोन्ही नावं सुखरूप आत जातात.

नावं शोधताना आणखी एक. ‘ऱ्या’ दोन तऱ्हेने टाइप होतो, दिसायला सारखा, आत कोड वेगळे. एसक्यूलाइट बाइट बघतं, त्यामुळे ‘सावऱ्या’ नावाचा एकच खलाशी तुझ्या यादीत दोनदा येईल. नाव टाइप करू देण्यापेक्षा यादीतून निवडायला दे.

दाभोळखाडी

खालूबाजांनी सांगितलं ते एसक्यूएल डॉट जेएस ठेवूनच. पण नव्याने करत असशील तर एसक्यूलाइटवाल्यांचीच अधिकृत वेबअसेंब्ली आवृत्ती बघ, २०२२ पासून आहे. ती ब्राउझरच्या खासगी फाइल प्रणालीत, ओपीएफएसमध्ये, थेट फाइल लिहिते. मग अख्खी फाइल पुन्हा पुन्हा उतरवायची भानगड राहत नाही, कमिट झालं म्हणजे फाइलमध्ये गेलं.

दोन अटी. हे वेब वर्करमध्येच (पानामागे वेगळा चालणारा कोड) चालतं, मुख्य पानावर नाही. आणि नेहमीच्या ओपीएफएस प्रकाराला सर्व्हरकडून दोन खास हेडर लागतात, फुकटच्या होस्टिंगवर ते बऱ्याचदा लावता येत नाहीत. तू तसल्या ठिकाणी ठेवलं असशील तर ‘ओपीएफएस-एसएएचपूल’ हा प्रकार निवड, त्याला हेडर लागत नाहीत. बदल्यात एका वेळी एकाच टॅबमध्ये डेटाबेस उघडतो. काकांच्या फोनवर दुसरा टॅब कोण उघडणार म्हणा.

हर्णैची_पोर

टाइपऑफ() लावलं. काकांच्या जवळजवळ सगळ्या रकमा ‘टेक्स्ट’ निघाल्या! अंक बदलून घेतले आणि बेरीज वहीशी जुळली. काकांनी वही बाजूला ठेवली नाही अजून, पण जुळवून बघायला लागलेत. एक्सपोर्टनंतर सेटिंग पुन्हा लावल्यावर फॉरेन कीही नीट अडवतेय.

या मोसमात एसक्यूएल डॉट जेएस आणि इंडेक्स्डडीबीच ठेवते, फोटो बाहेर काढलेत. ओपीएफएस पुढे बघेन, वर्करशी अजून ओळख नाही. डि'सोझा आमच्याकडेही आहेत, त्यांच्यासाठी आधीपासूनच बाइंड.

आता एकच विचारायचंय. लिलावाच्या नोंदी काका फोनवर करतील आणि डिझेल-बर्फाची बिलं मी घरी लॅपटॉपवर. दोन फाइली एकत्र कशा करू? दोन्हीकडे खर्चाचे आयडी १, २, ३ असेच चालू होतात.

खालूबाजा

तो आपोआप वाढणारा ऑटोइन्क्रिमेंट आयडी आत्ताच बदल, नोंदी थोड्या आहेत तोवर. क्रिप्टोमधलं रँडमयूयूआयडी() वापर, ते दर वेळी वेगळाच आयडी देतं, आणि मजकुराचा आयडी प्रायमरी की म्हणून ठेव, म्हणजे फोन आणि लॅपटॉप एकमेकांच्या आकड्यांवर चढणार नाहीत. खर्चाच्या नोंदीत ट्रिपचा आयडी असतो, तोही सोबत बदलायला विसरू नको. एक पथ्य पाळ: ट्रिप फक्त फोनवर उघडायची. लॅपटॉपने आधी फोनची फाइल घ्यायची आणि त्यातल्याच ट्रिपला बिलं जोडायची.

एकत्र करताना लॅपटॉपवर एसक्यूलाइटच्या कमांड लाइनवर तुझी फाइल उघड, काकांची फाइल ‘अटॅच’ कर, आणि टेबलागणिक ‘इन्सर्ट ऑर इग्नोर’. आधी खलाशी आणि ट्रिप, मग खर्च, विक्री, उचल. आयडी तोच असेल ती नोंद वगळली जाते, नवी असेल ती येते, त्यामुळे तेच काम दोनदा झालं तरी बिघडत नाही. पण एखादी जुनी रक्कम काकांनी फोनवर दुरुस्त केली तर ती याने येणार नाही, लॅपटॉपवर जुनीच राहील. दुरुस्ती थेट करू देऊ नको. चुकलेली रक्कम वजा करणारी एक नोंद आणि बरोबर रकमेची दुसरी, दोन्ही नवीन ओळी म्हणून टाकायच्या. काका वहीतही खोडत नसतील, खाली नवीन ओळ लिहीत असतील, विचार त्यांना.