थंडीत टिकणारी डेलिली निवडताना

डेलिली म्हणजे लिलीसारखी फुलं येणारं बहुवार्षिक झाड. त्यातली सदाहरित घ्या, हिवाळ्यातही पानं हिरवी राहतील, असं काही जण सुचवतात. कडक थंडीच्या जागी मी तरी तसं करणार नाही. जमीन सारखी गोठत-वितळत राहिली की ती कोवळी पानं मऊ पडतात आणि कधी कधी गड्डाच (मुळं आणि पानं जुळतात तो भाग) सडतो. काही सदाहरित वाणं तग धरतात हेही खरं, पण पहिली रोपं डॉर्मंट गटातलीच घ्या. त्यांची पानं थंडी सुरू होताच पूर्ण वाळतात आणि कोंब जमिनीलगत निजून राहतात. 'हायपेरियन' हे १९२४ सालचं पिवळं, सुवासिक वाण मला फार प्रिय आहे. इतकी वर्षं ते उगीच टिकलेलं नाही. बुटकं हवं असेल तर जेमतेम फूटभर उंचीचं, पुन्हा पुन्हा फुलणारं 'स्टेला द ओरो'.

आणि फुलण्याचा काळ जरूर विचारा! उन्हाळा छोटा असेल तर उशिरा फुलणाऱ्या वाणांच्या कळ्या उमलण्याआधीच थंडीने करपतात. लागवड जमीन गोठण्याच्या निदान ६ आठवडे आधी करा, गड्डा इंचभरच खोल. आच्छादन मात्र जमीन गोठल्यावर. घरात मांजर असेल तर डेलिली नकोच. मांजराच्या मूत्रपिंडांना डेलिली घातक ठरते.