डिकॉक्शन कडू होतंय? आधी पाणी बघा

घरच्या फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला दाट अर्क, कडू का होतं, या प्रश्नावर बहुतेकांनी पावडर बदलायला सांगितलंय. मी म्हणेन, त्याआधी पाणी बदलून बघा. आमच्या सांगलीत बोअरचं पाणी जड, भांड्याच्या तळाला पांढरा थर धरतो. अशा पाण्यात कॉफीचा हलका आंबटपणा मरतो आणि उरते ती सपाट, कडवट चव. पिण्याचं गोडं पाणी घ्या, फरक पहिल्याच घोटाला कळेल.

फार कढत पाण्याने कडूपणा वाढतो, म्हणून उकळी आल्यावर जरा थांबून ओता, हा सल्ला चांगला आहे, पण किती थांबायचं ते गावावर ठरतं. सातारा साधारण 700 मीटर उंचीवर, तिथे पाणी 97-98 अंशांनाच उकळतं. महाबळेश्वरला तर 95-96 अंशांना, म्हणजे तिथे थांबायची गरजच नाही.

पाकिटावर चिकोरीचं प्रमाण वाचाच. 49 टक्क्यांपर्यंत चालते कायद्याने! चिकोरी हे भाजलेलं मूळ, त्यात कॅफिन नसतं, रंग आणि दाटपणा मात्र भरपूर. आपल्याकडच्या म्हशीच्या दुधाला मला 80 टक्के कॉफी, 20 टक्के चिकोरी असं मिश्रण आणि कॉफीच्या बियांची गडद भाजणी आवडते. हलकी भाजणी त्या सायीखाली हरवून जाते.

20 ग्रॅम पावडरीला 100 मिली पाणी. पावडर दाबून ठासू नका, नाहीतर पाणी अडून बसतं. आणि कृपा करून डिकॉक्शन पुन्हा उकळू नका, गरम करायचं ते फक्त दूध.