मदत हवी: ब्लेंडरमध्ये नंदीच्या झुलीवर अल्फा उठवताना पायऱ्या पडतात, नक्षी ताणली जाते

झाडीचा_सुतार

नमस्कार मंडळी. पवनीजवळच्या खेड्यात आमचं सुतारकीचं घर. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी आजोबांच्या काळापासून इथं होतात. बाबा अजून वाकस-पटाशीनंच घडवतात. मी तोच नंदी ब्लेंडरमध्ये (थ्रीडी मॉडेल घडवायचं सॉफ्टवेअर) घडवून राहिलो, म्हणजे कच्चं कोरकाम नागपूरला सीएनसी राऊटरवर (कम्पुटरनं चालणारं कोरायचं यंत्र) करून आणता येईल आणि घरी फक्त सफाई उरेल. अंग, वशिंड, शिंगं, खालचा चाकांचा पाट, सगळं जमलं. गाडी अडली झुलीवर.

झुलीच्या कडेनं करवतकाठी साडीसारखे दाते पाहिजेत आणि मधात एक कमळ. आजीच्या कोशाच्या साडीचा काठ मोबाईलनं काढला, काळापांढरा केला आणि ड्रॉ ब्रशला टेक्श्चर म्हणून लावला (यालाच अल्फा म्हणतात: पांढरं तिथं उठाव, काळं तिथं काही नाही). उठाव येतो, पण नक्षीभोवती ब्रशएवढा गोल भागही वर येतो, आणि दात्यांच्या उतारावर बारीक पायऱ्या दिसतात. पोटाच्या गोलाईवर तर नक्षी खाली खाली ताणतच जाते. मग मॅपिंग (चित्र मॉडेलवर कसं पडतं ते) बदलून स्टेन्सिल करून पाहिलं. मॉडेल फिरवलं की स्टेन्सिल तिथंच पडद्यावर थांबतो, आणि पेननं तो हलतही नाही.

माहिती: ब्लेंडर ४.२, क्रिटा (चित्र काढायचं सॉफ्टवेअर), ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, छोटा पेन टॅबलेट. नंदी ३० सेंटिमीटर लांब, नक्षीचा उठाव २ मिमी. झेडब्रशच्या (दुसरं थ्रीडी सॉफ्टवेअर) व्हिडिओंमध्ये ड्रॅगरेक्ट दाखवतात, दाबून ओढलं की ठसा मोठा होत जातो. ते ब्लेंडरात कुठं असतं?

बाबा म्हणतात, "कम्पुटरच्या बैलाची झूल बी कम्पुटरच शिवते का?" त्यामुळे जरा लवकर सांगा. सायंकाळी लाईन जाते, उत्तराला उशीर झाला तर रागावू नका.

मेश_मास्तर

सोप्या गोष्टी आधी. ड्रॅगरेक्टला ब्लेंडरमध्ये 'अँकर्ड' म्हणतात, स्ट्रोक मेथडमध्ये मिळेल. स्टेन्सिल पडद्याला चिकटलेला असतो, मॉडेलला नाही. तो तसाच असायला हवा. आधी बाजूचा ऑर्थोग्राफिक (दूरचं लहान न दाखवणारा) व्ह्यू लावा (नमपॅड ३; वर कोपऱ्यात 'पर्स्पेक्टिव्ह' दिसलं तरच ५; लॅपटॉपला नमपॅड नसेल तर प्रेफरन्सेसच्या इनपुटमध्ये एम्युलेट नमपॅड चालू करा), स्टेन्सिल बसवा आणि त्या व्ह्यूमधलं काम संपेपर्यंत मॉडेल फिरवू नका. उजवं बटण दाबून ओढलं की तो सरकतो, शिफ्टसोबत लहानमोठा होतो, कंट्रोलसोबत फिरतो. पेनच्या बाजूच्या बटणाला टॅबलेटच्या सेटिंगमध्ये राइट क्लिक नेमून द्या, पेननंही हलेल.

आता पायऱ्या. नेमकं काय दिसतं ते जवळ जाऊन बघा, कारण तीन वेगळे आजार लांबून सारखेच दिसतात. उतारावर धानाच्या बांध्यांसारखे सपाट टप्पे असतील तर चित्रात करड्या छटा कमी पडल्या आहेत. बारीक चौकोन चौकोन दिसत असतील तर ते जेपीजीचे आहेत. जेपीजी चित्र ८ × ८ पिक्सेलच्या चौकटींत दाबतं आणि त्या चौकटी उठावात उमटतात. आणि कडा करवतीसारखी तुटक, मेशच्या (मॉडेल ज्या चौकोनांचं बनतं त्या) जाळीच्या दिशेनं जाणारी असेल तर जाळीच अपुरी आहे. वायरफ्रेम (जाळीच्या रेषा दाखवणारं दृश्य) चालू केली की लगेच कळतं.

रंगपेटी

गोल भाग वर येतो कारण तुमच्या फोटोतलं काळं हे काळं नाही, गडद करडं आहे. ब्रश शून्य काळ्यालाच "इथं काही करू नको" समजतो. क्रिटात लेव्हल्स (काळं-पांढरं कमीजास्त करायचं साधन) उघडून काळा बिंदू आत ओढा, पार्श्वभूमी पूर्ण काळी होईपर्यंत. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवू नका, खाली काळा थर टाकून सपाट करा.

पण खरं सांगू? साडीचा फोटो अल्फाला कामाचा नाही. कोशाच्या काठात धाग्याचा रंग बदलतो, उंची बदलत नाही. फोटोतलं पांढरं म्हणजे उजेड किंवा रंग, आणि ब्रश ते उंची म्हणून वाचतो. म्हणून तुमचे दाते कुठं फुगलेले, कुठं बसलेले येत असणार. लेव्हल्सनं ताणलं की आणखी बिघडतं: फोटोत ५० छटा असतील तर ताणल्यावरही ५०च राहतात, नुसती त्यांच्यातली उडी मोठी होते.

नक्षी नव्यानं काढा. क्रिटात नवी फाईल १०२४ × १०२४, मॉडेल ग्रेस्केल, डेप्थ १६ बिट. ८ बिटात २५६ छटा मिळतात, १६ बिटात ६५,५३६. फाईल पीएनजीच ठेवा.

मेश_मास्तर

१६ बिट चांगलंच, पण त्याचा बाऊ नको. २ मिमी उठाव भागिले २५६ म्हणजे सुमारे ०.००८ मिमीची पायरी. मॅटकॅपच्या (ब्लेंडरमधला चकचकीत दिसणारा रंग) चकाकीत ती पडद्यावर दिसेल, लाकडावर कुणाच्या बापाला दिसणार नाही. मला जाळीचा संशय जास्त आहे. मल्टीरेझ (जाळी लेव्हलनं बारीक करणारं साधन) किती लेव्हल आणि एकूण फेस (जाळीचे चौकोन) किती?

झाडीचा_सुतार

दादा, अख्ख्या नंदीला मल्टीरेझ लावलं आहे. आणखी एक लेव्हल वाढवली की लॅपटॉप बसतो. वायरफ्रेम पाहिली, एका दात्यावर आडवे मोजून चार-पाच चौकोन येतात. पण चौकोनी ठिपकेही आहेत, म्हणजे दोन आजार एकदम!

रंगपेटीताई, नक्षी नव्यानं काढायची म्हणता, तर घरात आजोबांचे पत्र्याचे साचे आहेत. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेले, आजोबा त्या साच्यांनी बंडीच्या फळ्यांवर रंगाची फुलं मारायचे. त्यात कमळ आहे आणि दात्यांची पट्टीही आहे. ते चालतील का?

रंगपेटी

चालतील काय, धावतील! महा ई-सेवा केंद्रात स्कॅनर असतो, तिथं साचा काचेवर पालथा ठेवून मागे पांढरा कागद लावा आणि स्कॅन करून आणा. मोबाईलचा फोटो नको, तिरका येतो. पत्र्याची धार काचेला घासू देऊ नका, नाहीतर केंद्रवाला पुन्हा उभं करणार नाही.

स्कॅनमध्ये भोकं पांढरी, पत्रा गडद येईल. थ्रेशोल्ड मारून निव्वळ काळापांढरा करा. अशा चित्राची कडा एकदम उभी असते, उभी भिंत कोणत्याही जाळीवर तुटकच येते. म्हणून आधी १६ बिट करा, मग तीन-चार पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्या. क्रम उलटा केला तर ब्लरचा उतार २५६ छटांतच तयार होतो. आणि साच्याला जिथं पत्र्याचे जोड ठेवलेले असतात (पाकळी गळून पडू नये म्हणून), ते अल्फात बुजवून टाका. पत्र्याला त्यांची गरज होती, तुम्हाला नाही. मी असते तर एखादा जोड राहू दिला असता, पण ते तुमचं तुम्ही ठरवा.

मेश_मास्तर

आणि झूल नंदीपासून वेगळं ऑब्जेक्ट करा. नंदीच्या पाठीचे फेस डुप्लिकेट करून वेगळे काढा, मल्टीरेझ फक्त त्यालाच. चौकोनाची बाजू पाव मिलिमीटर धरली तर १२ × १० सेंटिमीटरच्या एका बाजूला १,९२,००० फेस लागतात, दोन्ही बाजू मिळून चार लाखांच्या आत. तुमचा लॅपटॉप हसत करेल. तीच घनता शेपटीच्या गोंड्यापासून खुरापर्यंत कशाला?

कमळासाठी एरिया प्लेन मॅपिंग आणि अँकर्ड स्ट्रोक. व्ह्यू प्लेन, टाइल्ड आणि स्टेन्सिल हे तिन्ही तुमच्या नजरेच्या दिशेनं नक्षी टाकतात, म्हणून गोलाई जिथं नजरेआड वळते तिथं ती ताणली जाते. एरिया प्लेन त्या जागेच्या पृष्ठभागाला सरळ बघून ठसा मारतं. फॉलऑफ (ब्रशचा जोर कडेकडे कमी होणं) कॉन्स्टंट ठेवा, नाहीतर कडेच्या पाकळ्या विरतील. एका बाजूला कुणाचं नाव कोरायचं असेल तर तेवढ्यापुरती सिमेट्री (दोन्ही बाजूंना एकदम काम करणं) बंद करा, नाहीतर पलीकडे उलटं उमटेल.

दात्यांसाठी तेच एरिया प्लेन, पण स्ट्रोक 'स्पेस' आणि टेक्श्चरच्या अँगलखाली 'रेक' चालू. मग ठसा हाताच्या दिशेनं वळत जातो. ब्रश गोल आहे, चित्र चौकोनी. चौकोनाचे कोपरे वर्तुळाबाहेर कापले जातात. दाते वर्तुळात बसणाऱ्या आतल्या चौकोनातच काढा आणि स्पेसिंग ७१ टक्के ठेवा, ठसे एकमेकांना भिडतील. 'अॅडजस्ट स्ट्रेंग्थ फॉर स्पेसिंग' बंद.

राऊटरवाला_वर्धा

मी या धंद्यात आहे म्हणून बोलतो. भाऊ, राऊटरवाल्याला आधी विचारा शेवटचा पास कोणत्या बिटनं (कोरायच्या पात्यानं) मारणार. ३ मिमीचा बॉलनोज (गोल टोकाचा) असेल तर आतल्या कोपऱ्याला दीड मिमीची गोलाई येणारच, मग अल्फा १६ बिट असो की साठ. दोन दात्यांमधली खाच टोकदार निघणार नाही. १ मिमी टोकाचा टेपर्ड (निमुळता) बिट मागा, वेळ जास्त लागतो, पैसेही लागतात. नाहीतर खाच बाबांच्या पटाशीला सोडा, ते दोन फटक्यांत काढतील.

लाकूड सागवान असेल तर रेषा बघून फळी लावा. दात्याचं टोक रेषेला आडवं गेलं की उडतं. एसटीएल फाईलला (राऊटरला पाठवायची मॉडेलची फाईल) एकक नसतं, ब्लेंडर मीटरमध्ये मोजतं. पाठवण्याआधी ३० सेंटिमीटर ३०० मिमीच वाचलं जातं ना, ते राऊटरवाल्याच्या पडद्यावर बघून घ्या. आमच्याकडे एकदा तांदळाएवढा गणपती आला होता.

घुंगरू खालून कोरलेले, सुटे दिसावेत असा मोह होईल. ब्लेंडर ३.५ पासून व्हेक्टर डिस्प्लेसमेंटच्या (आडवाही उठाव देणाऱ्या) ब्रशनं तसे उठवता येतात, पण वरून उतरणारा बिट घुंगराखाली जात नाही. पितळेचे घ्या, खिळ्यानं ठोका.

झाडीचा_सुतार

कमळ झालं राजेहो! साचा स्कॅन करून आणला, ठिपके गेले, गोल उठाव गेला. जोड एक राहू दिला आहे, बाबांनी पाहिल्याबरोबर ओळखलं.

आता एकच. काठ पूर्ण फिरवून आणला की शेवटी अर्धा दाता उरतो. आणि झूम बदललं की ठशाचं मापच बदलतं.

मेश_मास्तर

ब्रशच्या त्रिज्येचं एकक 'सीन' करा, 'व्ह्यू' नको. स्ट्रोकमध्ये स्पेसिंग डिस्टन्सही 'सीन'. मग झूमचा संबंध राहत नाही. काठाची लांबी मोजा. समजा ३६ सेंटिमीटर आली आणि एका ठशात तीन दाते मिळून १२ मिमी, तर ठसे बरोबर ३०. १२ मिमीचं अंतर ७१ टक्के स्पेसिंगवर हवं तर ब्रशचा व्यास १६.९ मिमी. ४.२ मध्ये तिथं त्रिज्या लिहायची असते, म्हणून ८.४५. सुरुवात शेपटाखालून करा, केसभर चुकलं तरी सांधा गोंड्याआड जाईल.